डब्याची ओटी

फोटो आला तेव्हा मी आमच्या पॅकहाऊसच्या दारात उभी राहून पोहे खात होते. फोटोत माझा भाऊ. सख्खा, एकुलता एक. धुळ्याच्या अलीकडच्या चौफुलीवर भर रस्त्यात मांडी घालून बसलेला, गळ्यात कांद्यांची माळ, मूठ आभाळाकडे. त्याच्या मागे आडवे लावलेले ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टरांच्या मागे, बरोबर त्याच्या डोक्यावर दिसेल अशी, एक लांबलचक गाडी. तिच्या तोंडाला आंब्याच्या पानांचं तोरण. ते तोरण मी आदल्या संध्याकाळी माझ्या हातानं बांधलं होतं.

माझ्या भावानं माझाच डबा अडवला होता आणि वर हौसेनं फोटो काढून मलाच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बठ्ठा रस्ता बंद शे!’

आता डबा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर वाटेल ही बाई जेवणाच्या डब्यावरून एवढी उसळते. आमच्या रावेरकडे केळी परदेशी पाठवायचा जो थंड कंटेनर येतो, त्याला आम्ही सगळे डबाच म्हणतो. घराएवढा पांढरा डबा, त्याला चिकटलेलं डिझेलवर चालणारं जनरेटर, आणि आत गारवा. फ्रीजसारखा कडक नाही, माठातल्या पाण्यासारखा. त्या गारव्यात हिरवी केळी झोपून राहतात आणि समुद्रापलीकडे जाऊन जागी होतात. गारवा गेला की वाटेतच जागी होतात. आणि एकदा केळी जागी झाली की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

हा डबा आमचा पहिला होता. त्यात आबांचा आख्खा बाग होता. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांची केळी ट्रकनं उत्तरेला गेली. व्यापारी यायचा, बागेत उभ्या उभ्या भाव ठरवायचा, घड कापून गाडीत रचायचा आणि धूळ उडवत जायचा. पुढे ती केळी कुठं गेली, कुणी खाल्ली, काही पत्ता नाही. मी पॅकहाऊस काढलं ते आमच्या घरात कुणालाच फारसं पटलं नव्हतं. आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या डब्यासाठी केळी धुऊन, पुसून, खोक्यात भरून दिली. मग आखातातल्या एका व्यापाऱ्यानं आमचं काम बघितलं आणि म्हणाला, तुमचाच एक डबा पाठवा, चांगला निघाला तर हंगामभर घेतो. आमचे हे म्हणाले, पहिल्या वर्षी कशाला, बघू पुढे. यांचं प्रत्येक गोष्टीत बघू पुढे असतं. लग्नातसुद्धा अंतरपाट दूर झाल्यावर हे खालीच बघत होते.

आबा तेवढे म्हणाले, “सूनबाई म्हनते तं जाऊ दे बाग डब्यात.” आणि सगळ्यांसमोर अटही घातली. डबा धड पोचला तर पुढचे सगळे बाग माझ्या हातात. नाही पोचला तर पॅकहाऊसला कुलूप, आणि केळी पुन्हा व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये. मी तोऱ्यात हो म्हटलं. तेव्हा मला काय माहीत, माझा भाऊ मूठ वर करून मध्ये बसणार आहे!

पोह्यांची बशी ठेवली आणि बंदरावरच्या आमच्या एजंटला फोन लावला. हा माणूस उरणला बसून आमचे कागद बघतो. कायम घाईत.

“ताई, परवा संध्याकाळी गेट बंद,” तो म्हणाला. “त्याच्या आत डबा बंदरात आला तर जहाजावर चढणार. नाहीतर पुढचं जहाज आठवड्यानं.”

“अहो, रस्ता बंद आहे! आंदोलन चालू आहे!”

“मला काय सांगता? माझे सकाळपासून किती डबे कुठं कुठं अडकलेत. इथून रिकामे डबे वर जात नाहीत, तिकडून भरलेले खाली येत नाहीत. आणि रस्ता सुटला की सगळ्या गाड्या एकदम येणार. मग इथं गेटबाहेर एवढी मोठी शेपूट लागणार की विचारू नका. जहाज काय, तुमची-माझी वाट बघत नाही. अर्धं रिकामं असलं तरी निघून जातं.”

मला पहिल्यांदाच नीट उमगलं. धुळ्याच्या चौफुलीवर चार माणसं सतरंजी अंथरून बसतात आणि तिकडे समुद्रात जहाजावरची जागा रिकामी जाते. भूगोलाच्या बाईंनी हे कधी शिकवलं नव्हतं.

मग भावाला फोन. मागे घोषणा, भोंगे, हलगी, सगळी जत्राच.

“भाऊ, तुझ्या डोक्यावर जो डबा दिसतोय ना, तो माझा आहे. सोड त्याला.”

तो आधी हसला. “काय म्हनी ऱ्हायनी तू? तुना डबा?”

“माझा! तोरण बघ. जरा मागं वळून बघ की!”

वळून बघितलं असावं, कारण थोडा वेळ नुसती हलगीच ऐकू आली. मग हळूच म्हणाला, “मन्ही बहीन, आज देव उना तरी रस्ता सोडसूत नही. तुना डबा सोडा तं बाकीनास्ले काय सांगू?”

माझं माहेर पिंपळनेरकडचं. तिकडे त्या वर्षी कांद्याचं वाटोळं झालं होतं. भावानं कांदा विकायला नेला आणि गाडीभाडंसुद्धा सुटेना म्हणून परत आणला, हे वहिनीनं मला रडत सांगितलं होतं. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. पण म्हणून माझी केळी का उकडायची? मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. लहानपणी त्यानं माझी बाहुली विहिरीत टाकली होती, तेसुद्धा काढलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

एवढं कमी होतं म्हणून की काय, तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे सासूबाई. सगळं गावच त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणते. पॅकहाऊस सुरू झाल्यापासून त्यांनी त्याच्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. बायकांनी हातात मोजे आणि डोक्याला जाळी घालून केळी पुसायची, हा त्यांच्या लेखी चावटपणा. त्या दिवशी मात्र आमचा आरडाओरडा ऐकून दारापर्यंत आल्या.

“डबा अडला का वं?” त्यांनी विचारलं.

“अडला.”

“काही होत नाही. म्या ओटी भरली आहे त्याची.”

मी विचारलं, “कुणाची ओटी?”

“डब्याची. लेक सासरी चालली, अन् ओटी खाली कशी धाडू? तुम्ही समदे चहा पीत व्हते तवा आत ठेवली. खन, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. अन् घरची केळी. देवापुढची. चांगली पिवळीधमक पाहून घेतली मी.”

ज्यांना केळ्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकलेल्या केळ्यातून एक वायू सुटतो, आणि त्यानं शेजारची हिरवी केळी पिकायला लागतात. वरातीत नाचायला पहिला माणूस उठायला लागतो, मग आख्खी वरात उठते, तसं. म्हणून पॅकहाऊसमध्ये पिकलेलं केळं मी कुणाला खाऊसुद्धा देत नाही. बायकांना सक्त ताकीद, डब्यात केळं आणायचं नाही. म्हणजे जेवणाच्या डब्यात. आणि इथं माझ्या सासूनं आख्खी पिवळीधमक फणी खणात बांधून आत ठेवून दिली होती! गारवा आहे तोवर ती केळी गप्प बसली असती, बाकीचीही निजून राहिली असती. पण डबा उन्हात उभा. होळी होऊन गेलेली, धुळ्याचं ऊन म्हणजे तवा.

“अक्का, अहो काय केलंत हे! बाग गेला आपला!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आत केळी धुणाऱ्या बायकांचे हात थांबले.

अक्कांना मी समजावून सांगितलं. त्यांना कितपत कळलं देव जाणे, पण ‘बाग गेला’ एवढं कळलं. चेहरा पांढरा पडला. पदर डोक्यावर ओढून त्या घराकडे निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता आणि तसं पाठमोरं जाताना बघून वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

त्यातच ड्रायव्हरचा फोन. जनरेटरची टाकी त्यानं निम्मीच भरली होती. धुळ्याच्या पंपावर भरू म्हणाला होता. धुळ्याचा पंप समोर दिसत होता, पण मध्ये माझा भाऊ.

यांना पॅकहाऊसवर ठेवलं आणि मी जीप काढली. आबा आपोआप शेजारी येऊन बसले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, अगदी लग्नाला निघाल्यासारखे.

“तुम्ही कशाला आबा? ऊन आहे.”

“सोयरे आहेत तिथं. मले जायाले पाहिजे,” ते म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात दिवा पेटला. सोयरे! आमच्याकडे मुलीच्या सासऱ्याचा मान काय असतो, ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मुलीकडच्या माणसानं त्याच्यापुढे नाही हा शब्द काढायचाच नसतो. वडील गेल्यापासून माहेरी भाऊच कर्ता. आबांनी जरा घसा खाकरून “तेवढा डबा जाऊ द्या” असं म्हटलं की भावाला सोडावाच लागणार. त्याचा जीव गेला तरी. मी मनातल्या मनात उडीच मारली. बस झालं भाऊराया, आता बघते कसा अडवतोस ते.

जळगाव ओलांडलं, एरंडोल गेलं, पारोळा मागं पडलं आणि मग गाड्यांची रांग लागली. कापसाच्या गाठी, सिमेंट, नवेकोरे ट्रॅक्टर, दुधाचा टँकर, आणि मध्ये मध्ये माझ्या डब्यासारखे डबे, सगळे बंदराच्या वाटेवरचे. ड्रायव्हर लोकांनी गाड्यांच्या सावलीत चुली मांडल्या होत्या. जीप शेवटी लावली आणि आम्ही दोघं चालायला लागलो. आबांचा चालण्याचा वेग बघून मीच धापा टाकत होते. ज्याच्या त्याच्या ताटात कांदा. आंदोलनवाल्यांनी पोतीच्या पोती फुकट वाटली होती. कुठल्याशा लांबच्या राज्यातला एक ड्रायव्हर हातावर कांदा फोडत मला म्हणाला, “कांदा बहोत मीठा है बहनजी, इसका भाव क्यों नहीं मिलता?” मी म्हटलं, ते पुढं बसलेत त्यांना विचारा.

आमचा डबा अगदी पुढं, आडव्या ट्रॅक्टरांच्या मागेच होता. जनरेटर घुरघुरत होतं. मी पत्र्याला हात लावून बघितला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. ड्रायव्हर म्हणाला, काटा तळाला आलाय, संध्याकाळ काही गाठत नाही.

तेवढ्यात भावानं आबांना पाहिलं. मूठ वर करून घोषणा देता देता पाहिलं. मूठ तशीच वर राहिली, तोंड उघडं. मग गडी धावतच आला. गळ्यातली कांद्याची माळ सांभाळत भर रस्त्यात आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाठोपाठ त्याची माणसं. कुणीतरी पुढाऱ्यांसाठी आणलेली लाल खुर्ची उचलून आणली. कुणी तांब्याभर पाणी आणलं, कुणी चहा. एकानं स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल झटकून खुर्चीवर अंथरला. बंदोबस्ताचे पोलीस टकामका बघत होते, की हा कोण मंत्री आला. मला मात्र कुणी बसा म्हटलं नाही. माहेरची ना मी! उभीच.

आबांनी चहा घेतला. पिंपळनेरची चौकशी केली. घरच्यांची तब्येत, म्हशीचं वेत, विहिरीचं पाणी. मग कांद्याचा विषय निघाला. भाऊ आधी जपून बोलत होता, मग त्याला राहवेना. परत आणलेला कांदा खळ्यात कसा सडला, वहिनी तो बाजूला काढताना कशी गप्प झाली, सगळं सांगितलं. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. आबा ऐकत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून डोळ्यांनी, हातांनी खुणा करत होते. एक शब्द टाका हो. एकच!

भावाला ते दिसत होतं. त्याला माहीत होतं मी सासऱ्यांना का आणलंय. त्याच्या मागच्या माणसांनाही कळलं होतं. सगळे आबांच्या तोंडाकडे बघत होते. भावाचा चेहरा असा झाला होता की मला आमच्या वडिलांची आठवण आली. माझ्या लग्नात मांडवात ते असेच उभे होते, हात जोडून, आता हे काय मागतात म्हणून.

आबांनी कप खाली ठेवला. उपरण्यानं मिशा पुसल्या. आणि म्हणाले, “पाव्हनं, डिझेल आहे का?”

“आँ?” भाऊ म्हणाला.

“त्या यंत्राले डिझेल लागते. टाकी सरत आली. तुमच्या टॅक्टरात असन तं थोडं द्या.”

भावानं आडव्या ट्रॅक्टरांकडे बघितलं. मग म्हणाला, “आबा, रस्ता...”

“रस्त्याचं म्या इचारलंच नाही,” आबा म्हणाले.

मी भडकले. बाजूला घेऊन म्हटलं, “आबा, अहो तुमचा बाग आहे आत! एक शब्द टाकला असता तर डबा सुटला असता. त्याला नाही म्हणता आलं नसतं तुम्हाला!”

“म्हनून तं टाकला नाही,” ते म्हणाले. “ज्याले नाही म्हनता येत नाही, त्याच्यापाशी मांगू नये. उद्या त्याले या लोकांत बसायचं आहे.”

आयुष्यभराचा बाग त्या पत्र्यात तापत होता आणि हा म्हातारा माझ्या भावाची इज्जत सांभाळत होता. मला तिथं रस्त्यावरच रडू कोसळलं. भावानं ते बघितलं आणि त्याचंही नाक लाल झालं. मग तो उगाचच ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडायला लागला, “आरे, उभं काय राह्यना! नळी आना, नळी!”

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. रस्ता अडवायला जे ट्रॅक्टर आडवे लावले होते, त्यांच्याच टाक्यांत नळ्या घातल्या. एकेक जण तोंडानं ओढून, थुंकून, शिव्या देऊन डिझेल काढत होता आणि कॅनमधून आमच्या जनरेटरमध्ये ओतत होता. एक जण म्हणाला, आता मी घरी कसा जाऊ? दुसरा म्हणाला, आपल्याला कुठं जायचंय, आपण बसायलाच आलोय. रस्ता तसाच बंद. आमचं जनरेटर मात्र जोरात.

राहिली अक्कांची ओटी. एजंटला फोन करून विचारलं. त्यानं डोक्याला हात मारलेला मला इथं ऐकू आला. आमची सरकारी तपासणी बंदराजवळ व्हायची होती, त्यामुळे निघताना नुसतं वाहतुकीचं साधं सील लावलं होतं. ड्रायव्हरकडे एक जादा होतं. “तोडा, काढा, दुसरं लावा, नवा नंबर मला कळवा. पण दार चटकन लावा ताई, गारवा सांडेल,” तो म्हणाला.

डब्याचं दार नेमकं उन्हाच्या तोंडाला. भावाच्या माणसांनी आंदोलनाचा लांबच लांब कापडी फलक सोडला आणि दारावर छपरासारखा धरला. वर मोठ्या अक्षरात ‘कांद्याला भाव द्या’, खाली सावलीत मी. सील तोडलं, दार उघडलं, गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला आणि शेवटच्या खोक्यांवर दिसली ती हिरव्या खणाची गाठोडी. व्यवस्थित, चारही टोकं बांधलेली. वर हळदीकुंकवाची बोटं. सगळा दिवस मनात अक्कांना लाखोली वाहिली होती मी. पण ती गाठ बघितली आणि काहीतरी लक्षात आलं. पॅकहाऊसच्या उंबऱ्यात न येणारी ही बाई, आम्ही चहा पीत असताना, गुडघे दुखत असताना, त्या उंच डब्यात एकटी चढली होती.

मी गाठ सोडून केळी काढली. नारळाला हात घातला तर खालून आबा म्हणाले, “नारळ राहू दे. त्याच्यातून काही वायू सुटत नाही ना?”

“नाही.”

“मंग राहू दे. भरली ओटी अर्धी तरी जाऊ दे.”

खण, नारळ, तांदूळ, सुपारी पुन्हा बांधून तशीच ठेवली आणि दार लावलं. केळी प्रसाद म्हणून वाटली. ड्रायव्हरला, भावाला, ट्रॅक्टरवाल्यांना, पोलिसांनाही. पोलिसांचा साहेब केळं सोलत म्हणाला, “हे आंदोलनाचं आहे की डब्याचं?” भाऊ तोंडात केळं असतानाच म्हणाला, “सोयऱ्यांचं आहे, साहेब, खा.” मग माझ्याकडे वळून हळूच, “गोड शे गं.”

उन्हं उतरताना मोठे अधिकारी आले, चर्चा झाली, कागद झाला आणि रस्ता मोकळा झाला. ज्या ट्रॅक्टरांचं डिझेल आम्ही प्यायलो होतो ते ढकलून बाजूला करावे लागले. भावानं सगळ्यात आधी आमच्या डब्याला हात केला. गाडी हलली तेव्हा तो तोरणाकडे बघून नमस्कार करत होता, मी बघितलं.

एजंट म्हणाला होता तसंच झालं. सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. नाशिकच्या पुढं घाटात दाटी, बंदराबाहेर त्याहून दाटी. गेटची वेळ येऊन गेली तेव्हा आमचा डबा शेपटीत लांब कुठंतरी उभा होता. मी मनातल्या मनात पॅकहाऊसचं कुलूपसुद्धा निवडून ठेवलं. तेवढ्यात एजंटचा फोन. जहाजच आलं नव्हतं! ते ज्या बंदरातून यायचं होतं, तिथल्या शहरात कसलीशी गडबड उसळली होती, हमाल कामावर नव्हते, जहाज तिथंच अडकून पडलेलं. त्यामुळे इकडचं गेट दोन दिवस पुढे. आमच्या मोर्चावर त्यांच्या मोर्चानं उतारा केला म्हणायचा. तिथल्या माणसांचं काय दुखणं होतं मला माहीत नाही, पण त्यांना त्यांचा भाव मिळो, असं मी देवापुढे म्हटलं.

तपासणीच्या साहेबानं दार उघडल्यावर नारळ बघितला, खण बघितला. एजंट सांगत होता, साहेबानं काही विचारलं नाही. पायातले बूट तेवढे काढले आणि मग आत चढला.

डबा पोचल्याचा फोटो आला तेव्हा आबा अंगणात खाटेवर होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. उघडलेली खोकी, ओळीनं हिरवी केळी. दाराजवळची दोन-चार खोकी पिवळी पडली होती, तेवढ्यांचे पैसे व्यापाऱ्यानं कापून घेतले. बाकी सगळं चोख. पुढचा डबा कधी, म्हणून विचारलं होतं. आणि एक वेगळा फोटो. कुणाच्या तरी तळहातावर आमचा नारळ. तिथल्या कामगारानं विचारलं होतं, हे कशासाठी?

आबांनी फोटो बराच वेळ बघितला. मग आत हाक मारली, “अवं ए, तुई ओटी पोचली.”

अक्का दाराआडून ऐकत होत्या. बाहेर आल्या नाहीत. आतून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

दुसरा डबा भरला त्या दिवशी मी स्वतः गाडीबरोबर बंदरापर्यंत जायचं ठरवलं होतं. तोरण बांधलं, नारळ फोडला, चहा झाला. अक्का लांब लिंबाखाली उभ्या. हात पदराखाली. जवळ येत नव्हत्या.

मी तिथूनच ओरडले, “अक्का! ओटी राहिली की!”

“नोको वं माय,” त्या म्हणाल्या. “माया हातानं काही व्हाले नोको.”

“कच्ची केळी घाला. हिरवी. मी निवडून देते.”

त्या आल्या. हळूहळू, पण उंबरा ओलांडून पॅकहाऊसच्या आत आल्या. मी दिलेली हिरवी फणी ताटात ठेवली, नारळ ठेवला, तांदूळ घेतले. मी डब्याचं दार उघडून धरलं. त्या डब्याकडे गेल्याच नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“पदर कर,” म्हणाल्या. “डब्याले काय समजते? जानारी लेक तं तू आहे.”

माझ्या पदरात तांदूळ पडले.

आबांनी जीपच्या मागे काहीतरी जड ठेवलं. बघितलं तर डिझेलचा कॅन, तोंडापर्यंत भरलेला. “तुया भावाचं आहे,” ते म्हणाले. त्या खेपेला धुळ्याचा रस्ता मोकळा होता, चौफुलीवर चिटपाखरू नव्हतं. डबा मी तसाच पुढं जाऊ दिला आणि जीप पिंपळनेरकडे वळवली.